रिकाम्या राजवाड्याचा पहारा

अमेरिकेतल्या रेडमंडहून ५२० महामार्गाच्या पुलावरून सिएटलला उतरलं की अर्ध्या तासात ग्रीनवुड भागातला शाक्य मठ लागतो. तो स्थापन करणारे दागचेन रिन्पोचे १९५९ मध्ये बायकामुलांसह तिबेटातून निसटले आणि १९६० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बोलावण्यावरून सिएटलला आले. त्या वर्षीच्या जनगणनेत रेडमंडची वस्ती दीड हजारही भरली नव्हती. आज इथल्या ऑफिसांत जेवणाच्या टेबलावर एका बाजूला आम्ही मराठी-तेलुगू मंडळी असतो आणि समोर चिनी मंडळी. व्हिसा, घरांचे भाव, पोरांच्या शाळा, सगळ्यावर गप्पा होतात. तिबेटवर होत नाहीत. एप्रिल २००८ मध्ये दलाई लामा सिएटलला आले तेव्हा एक अख्खं स्टेडियम भरलं, आणि विद्यापीठापाशी चिनी विद्यार्थी निषेधाला उभे राहिले. विशी-बाविशीची पोरं होती ती. मार्च १९५९ ही भूदासांच्या मुक्तीची गोष्ट आहे, असंच ती शिकून आली होती. पुढच्याच वर्षापासून तिबेटात २८ मार्च हा त्या मुक्तीचा अधिकृत दिवस ठरला. तिबेटी लोक १० मार्च पाळतात. दोन्ही तारखा एकाच घटनाक्रमातल्या, अठरा दिवसांच्या अंतरावरच्या.

त्या घटनाक्रमात मला सगळ्यात आधी वय दिसतं. हे सगळं ज्याच्याभोवती घडलं तो माणूस २३ वर्षांचा होता आणि परीक्षेला बसला होता.

१ मार्च १९५९, ल्हासा. तोफा सुटायला अठरा दिवस.

तिबेटी नववर्षानंतरचा मोनलाम, म्हणजे महाप्रार्थनेचा उत्सव चालू आहे. गावात हजारो भिक्षू उतरलेत. जोखांग मंदिरात चौदावे दलाई लामा, तेन्झिन ग्यात्सो, गेशे ल्हारम्पा या सर्वोच्च पदवीच्या परीक्षेत गुंतलेत. सकाळी तर्क, दुपारी माध्यमक, संध्याकाळी विनय आणि अभिधर्म. समोर हजारो भिक्षू, आणि मोठमोठे विद्वान टाळ्या वाजवत, पाय आपटत प्रश्न टाकणारे. धर्मकीर्ती आणि नागार्जुन. आपल्याकडून गेलेले आणि आपण विसरलेले.

अशा वेळी दोन कनिष्ठ चिनी अधिकारी मंदिरात येतात. ल्हाशातल्या चिनी छावणीतल्या जनरल तान ग्वानसान यांचा निरोप: छावणीत नृत्याचा कार्यक्रम आहे, तारीख द्या. दलाई लामा सांगतात, उत्सव उरकू दे, मग बघू.

नाच बघायला त्यांनी होकार दिला होता, हे ते स्वतःही नाकारत नाहीत. चिनी राज्यकर्त्यांशी त्यांचं जमवून घेणं आठ वर्षांचं होतं. नोव्हेंबर १९५० मध्ये, पंधराव्या वर्षी, चिनी फौजा पूर्वेकडून आत शिरलेल्या असताना त्यांच्या हाती राज्यकारभार आला. मे १९५१ मध्ये बीजिंगमध्ये सतरा कलमी करार झाला. त्यात धर्माला आणि मठांना हात लावणार नाही, असं लिहिलेलं होतं. १९५४-५५ मध्ये ते चीनमध्ये राहिले, माओंना अनेकदा भेटले आणि मार्क्सवादाने थोडे भारावलेही. निरोपाच्या भेटीत माओ जवळ सरकून म्हणाले, की धर्म हे विष आहे. हा प्रसंग दलाई लामांनी पुढे आत्मचरित्रात लिहिला. तेव्हा ते १९ वर्षांचे होते आणि मान खाली घालून टिपणं घेत होते.

१९५६ मध्ये पूर्वेकडच्या खाम प्रांतात जमिनींच्या 'सुधारणा' सुरू झाल्या, बंड झालं, आणि लिथांगच्या मठावर विमानांतून बॉम्ब पडले. खामचे निर्वासित ल्हाशाभोवती तंबू ठोकून राहू लागले. त्यांच्यातल्या लढवय्यांनी पुढे 'चुशी गांगद्रुक' ही फौज उभारली. १९५६ च्याच शेवटी दलाई लामा बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षाच्या समारंभाला दिल्लीत आले. परत जाऊ नये असं त्यांच्या मनात होतं. नेहरूंनी परत जायला सांगितलं. आपल्याकडे त्या आधी महिना-दीड महिना नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली होती आणि २० नोव्हेंबरला काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करणारं भाषण केलं होतं. तिबेट चीनच्या हवाली केल्याबद्दल त्यांनी १९५४ मध्येच राज्यसभेत नेहरूंना सुनावलं होतं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

५ मार्च. परीक्षा पार पडली. मिरवणुकीने दलाई लामा नोर्बुलिंका या उन्हाळी महालात राहायला जातात. नेहमी या मिरवणुकीत दिसणारे चिनी अधिकारी या वेळी कुठेच नाहीत. लोकांच्या ते लक्षात येतं.

७ मार्च. पुन्हा निरोप. तारीख ठरते: १० मार्च, दुपारी एक.

९ मार्च, सकाळी ८. दहा दिवस अठरा तास.

दोन चिनी अधिकारी अंगरक्षक दलाचे प्रमुख फुन्त्सोक ताशी ताकला यांच्या दाराशी. ताकला हे दलाई लामांचे मेहुणेही. त्यांना छावणीत नेलं जातं आणि ब्रिगेडियर फू अटी ऐकवतात. उद्या मिरवणूक नको. दगडी पुलाच्या पलीकडे एकही तिबेटी शिपाई नको. फार तर दोन-तीन अंगरक्षक, तेही बिनहत्यारी. आणि या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.

दलाई लामा बाहेर पडणार म्हणजे दुतर्फा माणसं, पंचवीसएक अंगरक्षक आणि गावभर आधीपासून बोभाटा. ही शेकडो वर्षांची रीत. त्यांना गुपचूप, निःशस्त्र, परक्या छावणीत न्यायचं ही मागणी मांडणाऱ्याला ल्हासा शहर कळलेलंच नव्हतं. अपहरणाचा बेत होता याचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. मलाही तो सापळ्यापेक्षा उद्दामपणा जास्त वाटतो. पण खाम आणि आम्दोमधले मठाधिपती आणि सरदार अशाच आमंत्रणांना गेले होते आणि परतले नव्हते. हे ल्हाशातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी पुलापाशी उद्या वाहतूक बंद राहील अशी सूचना निघते. रात्रीपर्यंत बातमी गावभर.

१० मार्च, सकाळी ९ च्या सुमारास. नऊ दिवस सतरा तास.

दलाई लामा प्रार्थना आटोपून बागेत फेऱ्या मारतायत. वसंताची सुरुवात, आकाश स्वच्छ. लांबून ओरडण्याचे आवाज येतात. ते आत जाऊन माणसं पाठवतात. निरोप येतो: गाव लोटलंय. हळूहळू आकडा तीस हजारांवर जातो. लोक एवढंच म्हणतायत, की त्यांना जाऊ देणार नाही.

मंत्री साम्फो चिनी गाडीतून येतात. गाडी पाहून लोकांना वाटतं न्यायलाच आले. दगड डोक्यात बसतो, ते बेशुद्ध. त्यांना भारतीय कॉन्सुलेटच्या दवाखान्यात नेतात. फाक्पाला खेनचुंग या भिक्षू अधिकाऱ्याचं नशीब त्याहून वाईट. तो चिन्यांकडे काम करायचा. सकाळी तो तिबेटी वेशात येऊन गेला होता. आता चिनी धाटणीचे कपडे, तोंडावर मास्क अशा अवतारात सायकलवरून परत येतो. जमाव त्याला दगडांनी ठेचून मारतो आणि प्रेत गावातून फरफटत नेतो.

इथे थांबायला हवं. दरवर्षी १० मार्चला होणाऱ्या सभांमधून फाक्पालाचं नाव सहसा निघत नाही. निघायला हवं. प्रार्थनेची माळ हातात असलेल्या लोकांनीच त्याला मारलं, आणि आतल्या २३ वर्षांच्या भिक्षूला ते थांबवता आलं नाही.

दुपारी १. नाचाची वेळ. दलाई लामा जात नाहीत. तीन मंत्री समजूत घालायला छावणीकडे निघतात, तर फाटकावर लोक त्यांची गाडी अडवून तपासतात: आत दलाई लामांना लपवून तर नेत नाहीत ना? खात्री पटल्यावर सोडतात. ज्यांना वाचवायचं त्यांच्यावरच आता झडती बसली. छावणीत जनरल तान टेबलावर मुठी आपटत बजावतात, की हे बंड आहे आणि ते चिरडलं जाईल.

रात्री सत्तरएक कनिष्ठ अधिकारी आणि लोकांचे पुढारी जमतात आणि सतरा कलमी करार झुगारल्याचं जाहीर करतात. मंत्रिमंडळाला ते विचारत नाहीत.

११ मार्च. मंत्र्यांच्या कचेरीबाहेर लोकांचा पहारा. मंत्र्यांनाही सांगितलं जातं, महालाबाहेर पडायचं नाही. दलाई लामा पुढाऱ्यांना बोलावून घरी जायची विनंती करतात. ते ऐकून घेतात, नमस्कार करतात आणि जातात ते पोताला राजवाड्याच्या पायथ्याशी बैठका घ्यायला. फाटकावरचे लोक तिथेच.

याच दिवसांत पत्रव्यवहार चालू आहे. तान लिहितात: प्रतिगाम्यांच्या गराड्यात आहात, आमच्याकडे या, संरक्षण देऊ. दलाई लामा उत्तर देतात: लाज वाटते, माझ्या भल्याच्या नावाखाली हे लोक मलाच अडवून बसलेत, जमेल तसं येतो. एकूण सहा पत्रं, १० ते १६ मार्चच्या दरम्यान. ती पुढे बीजिंगने छापली: बघा, त्यांना पळवून नेलं. दलाई लामा म्हणतात, वेळ काढत होतो. दोन्ही बाजू त्या पत्रांकडे फक्त डावपेच म्हणून बघतात. मला त्यातली लाज खरी वाटते. बाहेर तोफा लागतायत, आत आपलेच लोक दार अडवून बसलेत आणि दोघांनाही तुमचं भलंच करायचंय. अशा वेळी पत्रातलं निम्मं तरी मनातलं उतरतंच.

१२ मार्च. साडेसात दिवस.

पोतालासमोरच्या मैदानात बायका जमतात, हजारोंनी. घरंदाज, गरीब, भिक्षुणी. पुढे पामो कुसांग, सहा मुलांची आई. त्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये जातात: आमचं म्हणणं जगाला कळवा. कॉन्सल जनरल मेजर छिब्बर ते ऐकून घेतात आणि दिल्लीला कळवतात. कुसांगना पुढे अटक झाली आणि गोळी घालून मारण्यात आलं.

त्याच दिवशी माओंची एक तार निघते: दलाई लामा आणि त्यांची माणसं पळून जात असतील तर आमच्या सैन्याने अडवू नये. चिनी कागदपत्रांतूनच ती पुढे बाहेर आली. म्हणजे ल्हाशातले लोक ज्याला जीव लावून अडवत होते, त्याला जाऊ द्यायची तयारी शत्रूने मनात तोफा सुटायच्या आठवडाभर आधीच केली होती.

१३ ते १५ मार्च. आसपासच्या छावण्यांतून तोफा आणि ट्रक ल्हाशाकडे. महालात आंब्याच्या मोहरासारखी अफवांना रोज नवी फूट.

१६ मार्च. साडेतीन दिवस.

तान यांच्या शेवटच्या पत्रासोबत आणखी एक पाकीट. पाठवणारे न्गाबो न्गावांग जिग्मे, तिबेटी मंत्री, आता छावणीत मुक्कामाला. ते लिहितात: महालाच्या आवारात कोणत्या इमारतीत राहणार ते नकाशावर खूण करून कळवा, तिला धक्का लागणार नाही याची काळजी घेतली जाईल.

या पत्रानंतर संशयाला जागा उरत नाही. तोफा कुठे लागणार हे ठरलेलं. एकच गोष्ट त्यांना विचारायची होती.

१७ मार्च, दुपारी ४. अठ्ठावन्न तास.

दोन तोफगोळे. उत्तरेच्या फाटकाबाहेर दलदलीत पडतात, कुणाला लागत नाहीत. पण आजवर निघायचं की राहायचं याचा कौल मागणाऱ्यांना आता वेगळा कौल लागत नाही. नेचुंगचे देववाणी सांगणारे भिक्षू त्याच्या थोडं आधी समाधीत ओरडले होते: जा, आज रात्रीच. आणि त्यांनी कागदावर वाट लिहून दिली होती. दलाई लामांनी लिहून ठेवलंय तसं मी सांगतोय. देववाणीवर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. त्या संध्याकाळी खोलीतल्या सगळ्यांनी ठेवला.

दरबाराचे मुख्य अधिकारी फाला बेत आखतात. आई, बहीण त्सेरिंग दोल्मा आणि धाकटा भाऊ वेश पालटून आधी. मंत्री आणि दोन्ही गुरू, एका ट्रकच्या मागे ताडपत्रीखाली. दलाई लामा स्वतः वेगळे.

रात्री १० वाजण्याच्या थोडं आधी. बावन्न तास.

ते देवघरात बसून एका सूत्राची पानं वाचतात आणि धीर धरण्याविषयी सांगितलेलं आहे तिथवर येऊन थांबतात. महाकालाच्या मंदिरात जाऊन रेशमी खाता, म्हणजे मानाचं वस्त्र, वाहतात. भिक्षू पाठ म्हणत असतात. ते वर बघत नाहीत. कुणाला काही कळलं असेल तर बोलत नाहीत. मग शिपायाची पँट, लांब काळा कोट, उजव्या खांद्यावर बंदूक, डाव्या खांद्यावर पाल्देन ल्हामो या देवतेचं गुंडाळलेलं जुनं थांगका, म्हणजे कापडावरचं चित्र. चष्मा काढून खिशात. चष्म्याशिवाय त्यांना नीट दिसत नाही.

फाटकाशी ताकला पहारेकऱ्यांना सांगतात: तपासणीच्या फेरीला चाललोय. दार उघडतं. दलाई लामा मान खाली घालून गर्दीतून जातात. आठवडाभर त्यांच्यासाठी थंडीत बसलेली ही माणसं. त्यांच्यापैकी एकालाही सांगता येत नाही. सांगितलं तर जाऊ देणार नाहीत.

क्यीचू नदी कातडी होड्यांतून. पलीकडे घोडे, खाम्पा सैनिक, आईचा चेहरा. नदीकाठाने काही अंतर जाईपर्यंत चिनी छावणीचे दिवे दिसत राहतात. १८ च्या सकाळी ते चे-ला खिंडीवर, मग त्सांगपो नदी ओलांडून दक्षिणेला. ल्होका प्रांत चुशी गांगद्रुकच्या ताब्यात.

१८ आणि १९ मार्च.

ल्हाशात काहीच होत नाही. महालात मोजक्यांना ठाऊक, त्यांत मागे राहिलेले एक सचिव, खेनचुंग तारा. ते तोंड मिटून. बाहेर तेच हजारो लोक, तीच चहाची भांडी, तेच पहारे. अनुभवी सैनिक थोडे. बहुतेक भिक्षू, मुलं, बायका, खेड्यातून उत्सवाला आलेले यात्रेकरू. दलाई लामा आत आहेत म्हणून ते बसलेत.

२० मार्च, पहाटे २.

तोफा सुटतात.

नोर्बुलिंकावर तो सगळा दिवस मारा चालतो. चाकपोरी टेकडीवरचं वैद्यकीय विद्यालय, तिबेटी वैद्यकाचं अडीचशेहून जास्त वर्षांचं घर, त्याच दिवशी जमीनदोस्त. पोताला आणि जोखांगलाही गोळे बसतात. जोखांगमध्ये आसऱ्याला गेलेले लोक २२ तारखेपर्यंत टिकतात, मग पडतात. नोर्बुलिंकात सैनिक शिरतात आणि प्रेतं उलटी करून चेहरे बघत हिंडतात. दलाई लामा त्यांत आहेत का, हे त्यांना हवं होतं.

मृतांचा आकडा म्हणून पुष्कळदा ८७,००० छापतात. तो चिनी लष्कराच्याच कागदातला, पण तो मार्च १९५९ नंतरच्या दीडएक वर्षाचा, मध्य तिबेटचा. आणि ज्या शब्दाचं भाषांतर 'ठार' असं होतं त्यात लष्करी हिशेबाने जखमी आणि कैदीही धरतात. ल्हाशाच्या त्या तीन दिवसांत हजारो गेले, एवढं पुरे आहे. आकडा फुगवून त्यांची काही सेवा होत नाही.

दलाई लामांना हे वाटेत कळलं, जखमी खेनचुंग तारांच्या पत्रातून. २८ मार्चला चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी तिबेटचं सरकार बरखास्त केलं. ३१ ला, आमांशाने बेजार, झो या याक-गाईच्या संकरातल्या जनावराच्या पाठीवर बसून दलाई लामा तवांगच्या बाजूने भारतात उतरले. त्यांच्यामागून हजारो आले. त्यांच्यापैकी काहींना १९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, गोठणगावजवळ जमिनी मिळाल्या. नोर्गेलिंग नावाची ती वसाहत आता गोंदिया जिल्ह्यात येते. थंडीत आपल्या शहरांत स्वेटरचे गाळे लावणाऱ्या तिबेट्यांमध्ये अशा वसाहतींमधले बरेच.

२८ तारखेच्या त्याच हुकमाने तिबेट स्वायत्त प्रदेशाच्या तयारी समितीचं हंगामी अध्यक्षपद पंचेन लामांना, म्हणजे दलाई लामांखालोखाल मान असलेल्या लामांना, मिळालं. ते २१ वर्षांचे होते. निघून जाणाऱ्याची गोष्ट जगाला माहीत आहे. हा दुसरा तरुण राहिला, पक्षाच्या बाजूने राहिला, आणि तीन वर्षं सगळं डोळ्यांनी बघितलं. १९६२ मध्ये त्याने सत्तर हजार अक्षरांचा अर्ज लिहून चाऊ एन-लाय यांच्या हातात दिला. त्यात त्याने लिहिलं, की पूर्वी अडीच हजार मठ होते ते आता सत्तरच्या आसपास उरले. एक लाख दहा हजार भिक्षू-भिक्षुणींपैकी सात हजार राहिले. भाषा सगळी पक्षाशी एकनिष्ठ, आकडे सगळे धर्म संपल्याचे. माओंनी त्या अर्जाला विषारी बाण म्हटलं. १९६४ मध्ये पंचेन लामांना पदांवरून काढलं, भर सभांमध्ये अपमान केला, पुढे तुरुंगात टाकलं. अर्ज लिहिला तेव्हा ते २४ वर्षांचे होते. १९७७ मध्ये सुटले तेव्हा ३९.